मुलीचं नाव 'भागीरथी' ठेवलं तर?

अर्जुनाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मुलगी झाली. आज सहावा दिवस. बायको माहेरी देवगडला आहे, मी राजापुरात. भटजींनी मूळ नक्षत्र, तिसरा चरण काढून 'भा' अक्षर दिलंय. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच नाव घोळतंय, भागीरथी. माझ्या पणजीचं नाव. तिचं लग्न झालं त्या साली उन्हाळ्याची गंगा आली होती, वऱ्हाड गंगेवर न्हाऊनच घरी आलं आणि पणजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'भागीरथी' लिहिलं, असं घरात सांगतात. मी तिला पाहिलेलं नाही. फक्त फोटो आहे, त्यातही ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

हल्ली रमा, जानकी, आनंदी ही नावं परत आलीत. मग भागीरथी का नको? की फारच जुनाट वाटेल? मोकळेपणाने सांगा.

रातांबा
अभिनंदन! पेढे कुठायत?
नाव सुंदर आहे. चार अक्षरी नावं आता ऐकायलाच मिळत नाहीत. सगळ्यांच्या पोरी दोन अक्षरांत आटपतात.

तिरफळ
माझ्या आजयेचा नाव भागीरथी होता. उभ्या जन्मात तेका कोणी भागीरथी म्हणान हाक मारूक नाय. भागी, भागू, भागल्या. आणि चेडवाक शाळेत पोरां काय म्हणतली ता सांगूक होया? 'भित्री भागूबाय!'

खेडची_जगबुडी
तिरफळ यांच्याशी बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत). 'भित्री भागूबाई' हाच या नावातला खरा खड्डा आहे. आमच्या वर्गात भाग्यश्री होती, तिलाही पोरं सोडत नसत. भागीरथीचं काय करतील!

चाकरमानी_डोंबिवली
धागाकर्ते, 'उन्हाळ्याची गंगा' म्हणजे काय? मे महिन्यात येते का? सासर कोकणातलं नाही, त्यामुळे अज्ञान माफ.

अर्जुनाकाठ
@चाकरमानी, उन्हाळे हे गाव आहे हो, राजापूरच्या जवळच. तिथे गरम पाण्याचा झरा आहे आणि वर टेकडीवर गंगेची चौदा कुंडं. एरवी कोरडी असतात आणि एक दिवस अचानक वाहायला लागतात. दर तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते अशी ख्याती, पण नेम नाही. कधी लवकर येते, कधी वाट बघायला लावते. एकेका कुंडातलं पाणी हाताला वेगळं लागतं. गंगा आली की एसटीत बसायला जागा मिळत नाही.

चाकरमानी_डोंबिवली
म्हणजे आमच्याकडच्या नळासारखंच. (हलके घ्या.)

कुळागरवाली
मला एक कळत नाही. जान्हवी चालते, भागीरथी चालत नाही. दोन्ही एकाच नदीची नावं ना? जह्नूची म्हणून जान्हवी, भगीरथाने आणली म्हणून भागीरथी. जान्हवी टीव्हीवर आली, केस मोकळे सोडले, झाली मॉडर्न. भागीरथी बिचारी नऊवारीत राहिली.

पंचांगवाचक
गोमुखापासून देवप्रयागपर्यंत भागीरथी, तिथे अलकनंदा मिळाली की पुढे गंगा. तेव्हा अगदी एकच नाहीत, पण असो.

अक्षराबद्दल: मूळ नक्षत्राची अक्षरं ये, यो, भा, भी. तिसरा चरण, म्हणून भा. पण जन्मनाव आणि व्यवहारनाव एकच असलं पाहिजे असं कुठेही नाही. पत्रिकेत भागीरथी लिहा, व्यवहारात काय हवं ते ठेवा. माझ्या तिन्ही मुलांची जन्मनावं आम्हालाही पत्रिका काढल्याशिवाय आठवत नाहीत.

कुळागरवाली
'भा'च हवा असेल तर भार्गवी घ्या की. परशुरामाची भूमी, भार्गवरामाचं नाव, काही समजावून सांगायला नको.

अर्जुनाकाठ
भार्गवी आमच्या आळीतच तीन आहेत. एकीला हाक मारली की तिघी बाहेर येतात.

खेडची_जगबुडी
रच्याकने (बाय द वे), नद्यांची नावं ठेवायची तर गंगा-यमुनेपर्यंत कशाला जायचं? कोकणातल्या घ्या. वाशिष्ठी आहे, सावित्री आहे, मुचकुंदी आहे.

तिरफळ
आणि जगबुडी? तां नाव ठेव तुझ्या चेडवाक.

खेडची_जगबुडी
माझी मुलगी तीच आहे, नाव फक्त वेगळं आहे. 😄

हर्णै_बंदर
आमच्याकडे एका बोटीचं नाव भागीरथी आहे. लिलावाच्या वेळी संध्याकाळी पुकारा होतो, "भागीरथी आली, भागीरथी आली", आणि बायका टोपल्या घेऊन धावतात. त्यामुळे मला तरी हे नाव ऐकलं की सुरमई आठवते. माझं मत धरू नका.

शेवंतीची_नात
जुन्या नावाला टीव्हीही मारू शकतो. माझ्या आजीचं नाव शेवंती. धाकट्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा 'शेवंता' ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात ती कोकणातल्या वाड्याची, भुताखेतांची मालिका आली. ज्याला नाव सांगावं तो डोळा मारायचा. शेवटी मायरा ठेवलं. आजीच्या नावाचं एक अक्षरही त्यात नाही.

काजूबी
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

'जुनी नावं परत येताहेत' हे कोण म्हणतं? ज्यांच्या घरी ती नावं फोटोत गेली ते. आमच्या वाडीत भागीरथी अजून जिवंत आहे. वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी काजूच्या बिया वेचायला जाते, परवा माझ्याकडे वाटीभर मीठ मागायला आली होती. तिच्या नातीचं नाव आराध्या. सुनेला विचारलं, सासूचं नाव का नाही ठेवलं? म्हणाली, "तां गावठी वाटता, वहिनी. शाळेत बाई नाव वाचतली तेव्हा पोरां हसतली." शहरात राहणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलीचं नाव भागीरथी असलं तर ते 'वेगळं' ठरतं. वाडीतल्या मुलीचं असलं तर ते फक्त गावठी ठरतं. नाव तेच.

धागाकर्त्यांनी ठेवू नये असं नाही म्हणत. पण कौतुक करताना हेही लक्षात असूदे.

कुळागरवाली
काजूबी, खाली मान घालून वाचला हा प्रतिसाद. माझ्या मुलीचं नाव यशोदा. पुण्यात सगळे "किती गोड, किती वेगळं" म्हणतात, गावी काकू म्हणाली, "दुसरा नाव गावला नाय?"

मंडणगडकर
काजूबींच्या मुद्द्याला जोडून. जुनी नावं सगळीकडे जुनी झाली हेही खरं नाही. रमाबाई आंबेडकरांचं माहेर वणंद, दापोलीजवळ. आमच्या भागात रमा, भीमाबाई, सावित्री ही नावं कधी पेटीत ठेवलीच नव्हती, त्यामुळे बाहेर काढायचा प्रश्नच आला नाही. माझ्या वर्गात चार रमा होत्या. कोणाला त्या 'व्हिंटेज' वाटल्या नाहीत.

मिऱ्या_किनारा
आमच्या कोकणी मुसलमान घरांतही हेच. दादीचं नाव जुबेदा, नानीचं हमीदा. ती नावं आता कोणी ठेवत नाही. पण आयेशा, मरियम, खदिजा यांना कधी म्हातारपण आलंच नाही. आमच्या घरात सध्या तीन आयेशा आहेत. मोठी आयेशा, रत्नागिरीवाली आयेशा आणि दात पडलेली आयेशा.

चाकरमानी_डोंबिवली
दात पडलेली आयेशा किती वर्षांची?

मिऱ्या_किनारा
सात. मोठीचे अजून शाबूत आहेत.

जुनापुराणा
धागाकर्ते, एक विचारू? भागीरथी हे तुमच्या पणजीचं सासरचं नाव. तुम्हीच लिहिलंय की तांदळात लिहिलं. मग माहेरचं नाव काय होतं?

अर्जुनाकाठ
… लाज वाटते सांगायला, पण माहीत नाही. बाबांनाही माहीत नाही. माझ्या आत्याला फोन करतो. तिला पणजीचा सहवास होता.

जुनापुराणा
लाज वाटायचं काही नाही, बहुतेक घरांत हेच आहे. कोकणातलीच उदाहरणं घ्या. लोकमान्य टिळकांची पत्नी सत्यभामाबाई. माहेर लाडघर, दापोली तालुका, आणि माहेरचं नाव तापी. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या लग्नानंतर आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राच्या बाया कर्वे. आणखी बघायचं तर डॉक्टर आनंदीबाई जोशी, माहेरी यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरी यमुना. इतक्या यमुना लग्नात वाहून गेल्या की मोजता येत नाहीत.

म्हणून पणजीचं नाव परत आणायचं म्हणताना, तिचं कुठलं नाव आणताय तेही बघा. एक आईबापाने दिलेलं, एक नवऱ्याने. (झाशीच्या राणीच्या आईचंही नाव भागीरथीच होतं, हे जाता जाता.)

पालशेतची_वाट
मुद्दा पटला. पण मग दोन नावं असण्याचीही एक गंमत होती. माझी आजी म्हणायची, माहेरी गेलं की वय कमी होतं, कारण तिथे कोणी सुमतीबाई म्हणत नाही, 'ठके' म्हणून हाक मारतात.

हर्णै_बंदर
जुनापुराणा, कर्व्यांच्या लग्नानंतर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं तेही लिहा. आता त्याच मुरुडात त्यांच्या नावाने केवढं कौतुक.

रातांबा
अवांतर फार होतंय. धागाकर्त्याचं बाळ बाराव्या दिवसापर्यंत बिननावाचं राहील अशाने.

दस्तऐवज
घाई करायची गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नाव नंतर घालता येतं. १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव हा क्रम आहे. तेव्हा भागीरथी + आई + बाबा + आडनाव हे सगळं फॉर्मच्या चौकोनांत मावतं का ते एकदा कागदावर लिहून बघा. इंग्रजीत नुसत्या भागीरथीलाच दहा अक्षरं लागतात.

आडवाटेची
इतके प्रतिसाद झाले, कोणीच कसं बोललं नाही? की सगळे मुद्दाम टाळताहेत?

'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. लग्नपत्रिकेत, बक्षीसपत्रात, सोसायटीच्या यादीत विधवा बाईच्या नावाआधी लावतात ते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणायचा प्रस्ताव तयार करायला सांगितलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथाच बंद करायचा ठराव केला होता. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं. एकीकडे हे आणि एकीकडे ते.

नाव म्हणून भागीरथी चांगलंच आहे. पण आपल्याकडे ते नाव राहिलेलं नाही, शिक्का झालंय.

तिरफळ
माका ठावक होता. पण बाराश्याच्या धाग्यार ह्या बोलूक जीभ वळूक नाय.

पंचांगवाचक
गंगेसारखी पवित्र, असा मूळचा अर्थ आहे. आदरानेच लावत.

आडवाटेची
आदरानेच लावत असतील तर विधुरांनाही काहीतरी लावायचं होतं. सिंधु-ब्रह्मपुत्रा म्हणा. ब्रह्मपुत्रा तरी पुरुष आहे.

अर्जुनाकाठ
खरं सांगतो, गं. भा. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस गप्प होतो ते त्यामुळेच.

दरम्यान आत्याचा फोन आला. तिने पोटमाळ्यावरून पणजीची पितळी कळशी खाली काढली. काळीठिक्कर पडली होती, बिंबलं चोळून चोळून घासली. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय: 'चि. वेणू हीस आजोळाहून.' एक ठिपका चुकलाय, त्यामुळे 'वेणू'चा 'णू' जरा 'पू'सारखा दिसतो. आत्या म्हणाली, याच कळशीने ती आम्हाला न्हाऊ घालायची आणि आम्ही कोणी कधी काठ वाचला नाही.

जुनापुराणा
वेणू. वा.

शेवंतीची_नात
अंगावर काटा आला. वेणूच ठेवा! लहान, गोड, हाक मारायला सोपं, कोणी चिडवणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली
वेणूला कोणी चिडवणार नाही म्हणणाऱ्यांनी शाळेत एकदा जाऊन यावं. पण माझंही मत वेणूला.

देवगडची_लेक
नमस्कार. मी त्या बाळाची आई. नवऱ्याने धागा काढलाय हे मला नणंदेने लिंक पाठवल्यावर कळलं. सगळे प्रतिसाद रात्री तीन वाजता, पाजता पाजता वाचले. हसूही आलं आणि दुसरंही काही आलं.

मला कोणी विचारलं नाही, तरी सांगते. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. आईने मग आंब्याच्या पेट्यांचा हिशोब स्वतः शिकून घेतला, गवताच्या पेंढ्या किती, खोके किती, भाडं किती, सगळं. माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर आम्ही लिहून दिला, आईच्या नावाआधी 'श्रीमती'. पत्रिका छापून आल्या तर तिथे 'गं. भा.' छापलेलं. छापणाऱ्याला वाटलं, आमची चूक झाली. त्याने ती सुधारून दिली होती.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. तीनशे पत्रिका. मी आणि भाऊ ओटीवर बसलो आणि व्हाइटनरने एकेक खोडत गेलो. ते वाळल्यावर पांढरा ठिपका असा उठून दिसायला लागला की आधी ज्याचं लक्ष गेलं नसतं त्याचंही जाईल. आई लिंबाचं सरबत घेऊन आली, बघून म्हणाली, "ऱ्हवांदे गो. दोन अक्षरांनी माझा काय जातला?" त्या पत्रिका तशाच गेल्या. राजापूरलाही गेल्या. धागाकर्त्यांच्या हातात एक असेल, बघा काढून.

म्हणून पहिल्या दिवशी यांनी फोनवर भागीरथी म्हटलं तेव्हा मी 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या 'बघू'चा अर्थ यांना कळला नाही.

अर्जुनाकाठ
पत्रिका काढून बघितली. ठिपका आहे. पाच वर्षं मला वाटत होतं छपाईचा डाग आहे.

उद्या पहिल्या गाडीने देवगडला येतोय.

काजूबी
गाडीत पुन्हा धागा काढू नका म्हणजे झालं.

मंडणगडकर
देवगडची लेक, तुमच्या आईला नमस्कार सांगा. आणि जमलं तर त्यांनाच विचारा.

रातांबा
+१. एवढ्या चर्चेत ज्या बाईला ते दोन अक्षरी शेपूट लागलं तिचं मत कोणी घेतलंच नाही.

तिरफळ
शेपूट नाय, डोक्यार लावतत.

देवगडची_लेक
विचारलं. आई तेव्हा बाळाच्या अंगाला तेल लावत होती. मी सगळं सांगितलं. नाव, गं. भा., वेणू, कळशी, तुमचे सगळ्यांचे वाद. तिने आधी विचारलं, "हे लोक कामाक जायत नाय?" मग बाळाचा पाय ओढून सरळ करत म्हणाली, "नदयेचा नाव तां. आमका चिकटवल्यांनी तर नदयेचो काय दोष?"

आणि पुढे, "पण भागी म्हणान कोणी हाक मारल्यान तर बघा. माझ्या नातीक पुरी हाक मारूची." यावर यांनी मान डोलावली. आई बोलत असली की ते डोलावतातच.

मी अजून पूर्ण तयार नाही. चार दिवस आहेत.

पंचांगवाचक
वेणू घरगुती, भागीरथी कागदोपत्री. उत्तम तोडगा. मी आधीच म्हटलं होतं.

कुळागरवाली
तुम्ही उलटं म्हटलं होतं, बुवा.

हर्णै_बंदर
काही ठेवा, बारशाला सुरमई करा.

पालशेतची_वाट
धागा वर आणतेय. काय झालं शेवटी? बारसं होऊन गेलं असेल ना?

देवगडची_लेक
झालं. पाळणा ओटीवरच बांधला. नणंद राजापुराहून आली होती, हातात कळशी घेऊनच. त्यात पाणी भरून पाळण्याखाली ठेवली. कानात नाव सांगायचा मान तिचा, पण तिने आईला पुढे बोलावलं. आई म्हणाली, "मी कशाक?" शेजारच्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नणंदेने आईचा हात धरून पाळण्याशी आणलं. आई वाकली आणि इतक्या हळू बोलली की आम्हा कोणाला ऐकूच आलं नाही. मग नणंदेने दुसऱ्या कानात वेणू सांगितलं, ते मात्र सगळ्या आळीला ऐकू गेलं.

आईला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "काय सांगूचा तां सांगितलंय."

चाकरमानी_डोंबिवली
म्हणजे नाव काय ठेवलं??

अर्जुनाकाठ
भागीरथी. दाखला कालच हातात आला. आईचं नाव, माझं नाव, आडनाव, सगळं चौकोनांत मावलं. फक्त 'भागिरथी' असं ऱ्हस्व गि छापून आलंय. खिडकीवर दाखवलं तर म्हणाले, "दोन्ही चालतं." दुरुस्तीचा अर्ज कोणी केलाय का? कागद काय काय लागतात? @दस्तऐवज, आहात का?